पाककृतींची देवाणघेवाण : नातेवाईक आणि मित्रमंडळींत ती कशी घडवून आणावी

आमच्याकडे संक्रांतीच्या गुळपोळ्या थोरली मावशी करते. एका वर्षी तिला येणे जमणार नव्हते, म्हणून मी फोनवर कृती विचारली. तिने सांगितले, "गूळ लागेल तेवढा घे, तेल बेताचे घाल आणि कणीक नेहमीसारखी भिजव." तिच्या दृष्टीने कृती सांगून पूर्ण झाली होती. त्या पोळ्या माझ्या हातून तव्यावरच फुटल्या. पुढच्या वर्षी पुणे, सांगली, रत्नागिरी, नागपूर, म्हापसा आणि परदेशातली दोन घरे मिळून आम्ही चौदा जणांनी आपापल्या घरच्या पाककृती एकमेकांना द्यायच्या असे ठरवले. पहिल्या चार महिन्यांत चाळीस कृती जमल्या, पण त्यांतल्या जवळजवळ निम्म्या करून पाहिल्यावर बिघडल्या आणि आम्हाला सगळे काम पुन्हा मुळापासून करावे लागले. तो दुसरा हेलपाटा आपल्याला पडू नये, यासाठी आमची पद्धत येथे क्रमाने देत आहे.

सुरुवातीला पुढील गोष्टी हाताशी असाव्यात :

• ५ किलोपर्यंत वजन घेणारा आणि १ ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा. भांडे ठेवून आकडा शून्यावर आणण्याची सोय त्यात असलीच पाहिजे.
• ५ आणि १५ मिलिलिटरचे मोजमापाचे चमचे.
• एक वही आणि पेन्सिल. स्वयंपाकघरात हात ओले असतात आणि शाईचे लिखाण फुटते.
• आवाज आणि छायाचित्रे टिपण्यासाठी फोन.
• घरातल्या जुन्या वह्या, पोस्टकार्डे, कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या कृती, या सर्वांची स्वच्छ उजेडात काढलेली छायाचित्रे.
• सहभागी मंडळींची यादी. प्रत्येकाच्या नावापुढे गाव, आणि घरात कोणाला शेंगदाणे, तीळ, काजू किंवा दूध सोसत नसेल तर तशी नोंद.

१. माणसे मोजकी आणि ओळखीची घ्यावीत

दहा ते पंधरा माणसे पुरेशी होतात. प्रत्येकाने तीन कृती द्यायच्या म्हटले, तरी तीस ते पंचेचाळीस कृती जमतात आणि तेवढ्या तपासून होण्यात वर्ष जाते. यादीत वयस्कर मंडळी असावीत, तशीच नुकते घर मांडलेली मुले-मुलीही असाव्यात, कारण कृती कुठे अडते हे नवख्यालाच आधी कळते.

अनेकांना या कामाची सोपी वाट म्हणून साखळी संदेश सुचतो. यादीतल्या पहिल्या नावाला एक कृती पाठवा, आपले नाव खाली जोडा, हा संदेश आणखी वीस जणांना पाठवा, म्हणजे तुमच्याकडे ढिगाने कृती येतील, असा त्याचा मजकूर असतो. या वाटेला जाऊ नये. वीस जणांनी प्रत्येकी वीस जणांना पाठवले की चारशे होतात, त्यांचे आठ हजार, आणि पाचव्या फेरीला आकडा बत्तीस लाखांवर जातो. इतकी माणसे कोणाच्याच ओळखीत नसतात, त्यामुळे साखळी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच तुटते. शिवाय अनोळखी माणसाकडून आलेल्या कृतीत काही अडले, तर विचारायचे कोणाला? परिचितांची नावेही त्या संदेशासोबत परक्यांच्या हाती जातात.

सर्वांचा मिळून एक व्हॉट्सॲप गट करावा, परंतु तो केवळ बोलण्यासाठी वापरावा. कृती गटावर टाकल्या की त्या शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडल्या जातात. कृती एका ठरावीक व्यक्तीकडेच याव्यात आणि तिने त्या एका ठिकाणी साठवाव्यात. या व्यक्तीला पुढे मी संकलक म्हणेन.

२. पदार्थांची वाटणी करून वर्षाचे वेळापत्रक आखावे

"तुमच्या आवडीच्या तीन कृती पाठवा" असे मोघम सांगितले, तर सात जणांकडून साबुदाण्याची खिचडी येते. आमच्याकडे तसेच घडले. म्हणून आधी प्रत्येकाला विचारावे की आपल्या घरी असे काय होते, जे इतरत्र मिळत नाही किंवा तसे लागत नाही. साध्या, रोजच्या पदार्थांना कमी लेखू नये. आमच्या संग्रहात सर्वांत जास्त वेळा केली गेलेली कृती म्हणजे नागपूरच्या वहिनीकडचे गोळाभाताचे गोळे आणि त्यावर घालायची हिंग-मोहरीची फोडणी.

वाटणी ऋतूंप्रमाणे करणे फार सोयीचे पडते, कारण पदार्थ प्रत्यक्ष होत असताना टिपायचा असतो आणि आपले बरेचसे पदार्थ वर्षातून एकदाच होतात. जानेवारीत गुळपोळी आणि तिळाच्या वड्या, होळीला पुरणपोळी आणि कटाची आमटी, चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे, एप्रिल-मे महिन्यांत पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाचे मसाले, पावसाच्या तोंडावर कैरीचे लोणचे, भाद्रपदात उकडीचे मोदक आणि ऋषीची भाजी, आणि शेवटी दिवाळीचा फराळ. फराळ मात्र दिवाळीच्या धांदलीत टिपायला जाऊ नये. त्यासाठी दिवाळीपूर्वी महिनाभर आधी छोट्या प्रमाणात एक घाणा करून घ्यावा.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. एखाद्याला आपली कृती द्यायची नसेल, तर त्याचा मान राखावा. आमच्या एका स्नेह्यांचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, आणि मसाल्याचे प्रमाण हेच त्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे. त्यांनी मसाल्याऐवजी डाळिंब्यांच्या उसळीची कृती दिली आणि ती उत्तम निघाली.

३. नावांचा आणि शब्दांचा खुलासा आधी करून घ्यावा

मराठी मुलुखात एकाच नावाचे दोन पदार्थ आणि एकाच पदार्थाची चार नावे आढळतात. कोकण-गोव्याकडे हळदीच्या पानात वाफवलेले गोड पातोळे असतात, तर देशावर आणि विदर्भात पातोड्या किंवा पाटवड्या म्हणजे डाळीच्या पिठाच्या तिखट वड्या. दोन्हींची नावे कानाला इतकी जवळची आहेत की आमच्या यादीत ती एकच समजली गेली होती आणि सामान आणल्यावर चूक लक्षात आली. गोडा मसाला आणि काळा मसाला हे काही घरांत एकाच बरणीचे नाव असते आणि काही घरांत दोन वेगळ्या मसाल्यांचे. मसाला कृतीत येत असेल, तर त्या घरच्या मसाल्याची कृतीही सोबत मागावी, नाहीतर आमटीची कृती अर्धीच हाती येते.

घरगुती बोलण्यात अध्याहृत राहणारे शब्दही पूर्ण लिहून घ्यावेत. "खोबरे" म्हणजे ओले की सुके? "डाळ" म्हणजे हरभऱ्याची, तुरीची की मुगाची? "तिखट" म्हणजे लाल मिरचीची पूड, हे परदेशात वाढलेल्या भाच्याला ठाऊक नसते. अनारसा तुपात विरघळून पसरला की आपण "अनारसा हसला" म्हणतो. तो शब्द कृतीत जरूर ठेवावा, फक्त पुढे अर्थ आणि उपाय लिहावा. एकतारी पाक, गोळीबंद पाक, मोहन, आधण, दणदणीत वाफ या शब्दांचेही तसेच करावे.

उपवासाच्या पदार्थांत आणखी एक अडचण असते. कोणाच्या घरी उपवासाला कोथिंबीर आणि जिरे चालतात, कोणाच्या घरी चालत नाहीत. ज्या घरची कृती आहे त्या घरची रीत लिहावी आणि जिन्नस वगळण्याचे स्वातंत्र्य करणाऱ्याला द्यावे. कृतींची विभागणी मात्र जातीच्या नावाने करू नये, गावाच्या आणि घराच्या नावाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. "रत्नागिरीच्या आत्याकडची फणसाची भाजी" या नावात कृतीची सारी ओळख येते.

४. वाटीचे माप एकदा मोजून ठेवावे

आपल्याकडच्या कृती वाटीने चालतात आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. माझी वाटी १५० मिलिलिटरची, सांगलीच्या मावशीची १९०ची आणि म्हापशाच्या मैत्रिणीची १२०ची निघाली. वाटी मोजणे सोपे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम भरतील, तितके मिलिलिटर त्या वाटीचे माप. प्रत्येक सहभागी व्यक्तीने पहिल्याच आठवड्यात हा आकडा संकलकाला कळवावा.

जेथे सर्व जिन्नस एकाच वाटीने घेतलेले असतात, तेथे वाटी लहान-मोठी असल्याने बिघडत नाही, कारण प्रमाण तेच राहते. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ ही चकलीची भाजणी कोणत्याही वाटीने जमते. घोटाळा होतो तो वाटीसोबत "पाव किलो" किंवा "दोन नारळ" आले की. म्हणून प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये आणि कंसात वाटीने, असा दोन्ही प्रकारे लिहावा. मीठ, हिंग, हळद यांच्या बाबतीत स्वयंपाकघरातला काटा विश्वासाचा नसतो. ते सपाट चमच्याने मोजावेत आणि मीठ बारीक की खडे हेही नमूद करावे.

जुन्या वह्या वाचताना दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले, शेराचे माप. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, त्यामुळे जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅम भरतो. आज आपण पाव किलोलाच पावशेर म्हणतो. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यामुळे त्याच्या आगेमागे लिहिलेल्या एकाच वहीत शेर आणि किलो दोन्ही सापडू शकतात. त्यातच धान्यासाठी मापाचा शेर निराळा होता. चार शेरांची एक पायली होई आणि तिचे वजन धान्यागणिक बदले.

दुसरे ठिकाण अपूर्णांकांचे आहे. जुन्या पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. "१।।" हा आकडा दीड असा वाचायचा असतो. आमच्या मामेबहिणीने आजीची वही टंकलिखित करताना त्या रेघांना विरामचिन्ह मानले, आणि दीड वाटी गुळाच्या जागी एक वाटी गूळ लिहिला गेला. नव्या लिखाणातही "१/२" किंवा "१-२" असे लिहू नये. अर्धा, पाऊण, दीड, अडीच हे शब्दच अक्षरांत लिहावेत.

परदेशातल्या मंडळींसाठी एक वेगळी टीप द्यावी. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियातला २५०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असला, तरी ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा असतो.

५. विचारून लिहू नये, शेजारी बसून टिपावे

या सगळ्या खटाटोपाचा गाभा या पायरीत आहे. चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या माणसाला प्रमाण विचारले, तर तो जे सांगतो ते बहुधा त्याने प्रत्यक्ष घातलेले प्रमाण नसते. तो खोटे बोलत नाही. त्याचा हात मोजत असतो आणि तोंडाला ते मोजमाप ठाऊक नसते. त्याला थांबवून "आता हे वाटीत घाला, मग मोजू" म्हटले की त्याची लय मोडते आणि पदार्थही बिघडतो.

यावर आम्हाला सापडलेला उपाय वजाबाकीचा आहे. स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी प्रत्येक डबा, बरणी आणि तेलाचे भांडे झाकणाशिवाय तोलून वजन लिहून ठेवावे. करणाऱ्याने नेहमीप्रमाणे मुठीने, पळीने, चिमटीने घ्यावे. सगळे उरकल्यावर तेच डबे पुन्हा तोलावेत. जो फरक येईल, तो पदार्थात गेला. मावशीच्या गुळपोळीच्या वेळी तेलाचे भांडे आधी १,१४० ग्रॅम होते आणि नंतर १,०६५ भरले. ती ज्याला "बेताचे तेल" म्हणते, ते अर्धा किलो गुळाला ७५ ग्रॅम होते. भाजलेल्या तिळाचे कूट १०० ग्रॅम आणि त्याच तेलात खमंग भाजलेले बेसन ९० ग्रॅम निघाले.

पण त्या दिवशी आकड्यांहून मोठी गोष्ट हाती लागली. पोळी लाटण्यापूर्वी मावशीने एका हातात गुळाची गोळी आणि दुसऱ्या हातात कणकेची गोळी घेऊन दोन्ही अंगठ्याने एकाच वेळी दाबल्या, कणीक जरा घट्ट लागली तशी तिच्यात तेलाचे बोट लावून ती पुन्हा मळली आणि परत दाबून पाहिली. दोन्ही सारख्या दबल्या तेव्हाच ती लाटायला बसली. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे काय सांगायचं? एक मऊ आणि एक घट्ट असली तर पोळी फुटणारच." माझ्या पोळ्या का फुटल्या, ते मला तिच्या अंगठ्यांकडे पाहून कळले. अशा हालचाली करणाऱ्याच्या लेखी पायऱ्या नसतातच, त्यामुळे त्या विचारूनही मिळत नाहीत. हाताकडे सतत पाहावे, आणि एखादी गोष्ट दोनदा होताना दिसली की लगेच टिपावी.

वेळ मिनिटांत लिहावी आणि त्यासोबत खूणही लिहावी. "मध्यम आचेवर सात मिनिटे, बेसनाचा रंग बदामी होऊन वास सुटेपर्यंत" असे लिहिले, म्हणजे गॅस, इंडक्शन किंवा विजेची शेगडी, कशावरही ते लागू पडते. कढई लोखंडी की नॉनस्टिक, कुकर किती लिटरचा, हेही लिहावे. दूर राहणाऱ्या व्यक्तीसाठी हेच काम व्हिडिओ कॉलवर करता येते, मात्र त्या घरी डबे तोलणारे दुसरे कोणीतरी असावे लागते.

६. सर्वांसाठी एकच नमुना ठेवावा

एका कृतीला एक पान. त्यावर क्रमाने पदार्थाचे नाव, कोणाच्या घरची आणि कोणत्या गावची, किती माणसांना पुरते किंवा किती नग होतात, साहित्य, आदल्या दिवशी करायची तयारी, कृती, किती दिवस टिकते, आणि शेवटी "काय चुकते" हा रकाना. आदल्या दिवसाची तयारी वेगळी लिहिण्याचा आग्रह धरावा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आहेत हे अनारशाच्या कृतीत मध्येच कुठेतरी आले, तर वाचणाऱ्याचा बेत फसतो.

"काय चुकते" हा रकाना कोणीही रिकामा सोडू नये. चकलीत मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते आणि कमी झाले तर कडक होते. लोणच्यात मीठ मनाने कमी केले तर ते टिकत नाही. कच्च्या लसणाची तेलातली चटणी बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावी. ही माहिती देणारा माणूस आज उपलब्ध आहे, म्हणून ती आजच लिहून घ्यायची.

पुस्तकातून किंवा कार्यक्रमातून उतरवलेली कृती कोणी पाठवली, तर ती जशीच्या तशी घेऊ नये. जिन्नस आणि रीत कोणाच्या मालकीची नसली, तरी लेखकाची शब्दरचना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संरक्षित असते. पाठवणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या घरी केलेल्या बदलांसह लिहायला सांगावे.

७. प्रत्येक कृती परक्या हातून करून घ्यावी

आमच्या पहिल्या प्रयत्नात हीच पायरी राहून गेली होती. सर्व नावांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावाव्यात. ज्याने तो पदार्थ पूर्वी कधीच केलेला नाही, अशाच व्यक्तीकडे कृती जावी आणि त्याने ती शब्दशः पाळावी. आपल्या अनुभवाने सुधारत बसू नये, कारण आपण लिखाणाची परीक्षा घेत आहोत. कुठे थांबावे लागले आणि फोन का करावा लागला, हे त्याने समासात लिहावे.

मावशीची गुळपोळी नागपूरच्या वहिनीकडे गेली. तिने सगळे ग्रॅमवर मोजून घेतले, तरीही पोळ्या गार झाल्यावर वातड झाल्या. दोन दिवस आम्ही कणीक आणि आच यांचीच चर्चा करत होतो. शेवटी तिने गुळाच्या पुडीचा फोटो पाठवला, तेव्हा तो चिक्कीचा गूळ असल्याचे दिसले. मावशीच्या घरात चिक्कीचा गूळ कधी येतच नाही, त्यामुळे "साधा मऊ पिवळा गूळ, चिक्कीचा नव्हे" असे लिहिणे आम्हाला कोणालाच सुचले नव्हते. अशी दुरुस्ती झाली की मूळ देणाऱ्याला ती वाचून दाखवावी आणि त्याच्या संमतीनेच पानावर घ्यावी.

८. टंकलेखन आणि छपाई

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात, आणि आमची अकरा पाने अशीच नव्याने लिहावी लागली. फोनवर मराठीत बोलून टंकन करता येते. वयस्कर मंडळींना ते सोपे जाते, परंतु आकडे आणि जिन्नसांची नावे नंतर कोणीतरी डोळ्यांनी तपासलीच पाहिजेत.

छापील प्रत ए-५ आकारात, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरच्या पानांवर चांगली होते. स्पायरल बांधणी घ्यावी, कारण वही ओट्यावर सपाट उघडी राहते. मध्ये पिना मारून पुस्तिका करायची असेल, तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. अक्षर मोठे असावे, हातभर अंतरावरून वाचता यावे. संपूर्ण प्रत छापण्यापूर्वी दोन पाने छापून घरातल्या चष्मा लावणाऱ्या व्यक्तीला ओट्यापाशी उभे राहून वाचायला द्यावीत.

प्रती कुरिअरने पाठवण्याऐवजी, जमेल तितक्यांनी एका दिवशी एकत्र यावे आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरची एक कृती करून आणावी. प्रत्येक प्रतीच्या शेवटी आठ-दहा कोरी पाने ठेवावीत. कोणाला चूक आढळली, तर त्याने ती संकलकालाच कळवावी, आणि संकलकाने तारखेसह सर्वांना एकदमच पाठवावी, म्हणजे चौदा घरांत चौदा वेगवेगळ्या प्रती होणार नाहीत. आमच्याकडे पहिली दुरुस्ती मावशीनेच आठवड्याच्या आत पाठवली. गुळपोळीच्या पानावर आम्ही वेलदोड्याची पूड लिहिली होती, ती खोडून तिने पेन्सिलीने "पाव जायफळ किसून" असे केले होते.